घणसोलीच्या बाल्कनीत कुठलं कॉनिफर बोन्साय म्हणून टिकेल?

प्रश्न असा आहे: घणसोलीत बाराव्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ऊन. तिथे नर्सरीतून आणलेलं एक ज्युनिपर, एक मोरपंखी आणि गेल्या डिसेंबरात मुलीने दिलेला ख्रिसमस ट्री अशी तीन झाडं आहेत. शिवाय जपानी ब्लॅक पाइनचं रोप ऑनलाइन मागवायचं मनात आहे. यातली कुठली बोन्साय करण्याजोगी आहेत, आणि नसतील तर दुसरं काय घ्यावं?

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. ज्युनिपर होईल, पण पावसाळ्यात त्याच्या डोक्यावर छप्पर हवं. मोरपंखी हात बसवण्यापुरती ठीक. ख्रिसमस ट्रीचं बोन्साय होत नाही. ब्लॅक पाइन मागवू नका. आणि ज्याचं तुम्ही नावच घेतलं नाहीत ते पोडोकार्पस सगळ्यात आधी आणा.

कॉनिफरच्या, म्हणजे शंकुधारी झाडांच्या बाबतीत आपण सगळे दिवसाच्या उन्हाचा विचार करतो. खरा अडसर रात्रीचा आहे. झाड दिवसा साखर बनवतं आणि रात्री श्वसनात त्यातली काही वापरतं. रात्र जितकी गरम, तितकी ती जास्त वापरली जाते. थंड प्रदेशातल्या कॉनिफरना वर्षातून काही महिने अशा रात्री मिळतात की वाढ थांबते आणि साठा शिल्लक राहतो. ठाणे-नवी मुंबईत जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण पंधरा-सतराच्या घरात असतो, आणि मे महिन्यात रात्रीसुद्धा पंखा लावून झोपावं लागतं. मग जूनपासून चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उथळ ट्रेमधल्या मुळांना तो सोसवत नाही.

म्हणूनच पुण्यातल्या ओळखीच्यांचे ज्युनिपर पाहून जीव जळवून घेऊ नका. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तिथे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि शहरातला पाऊस आपल्या तिसऱ्या हिश्शाइतका. त्यात पुणेकरांच्या हाताचा गुण किती आणि हवेचा किती, हा वाद मी घालत नाही. उंची म्हणजे सगळं काही असंही नाही. महाबळेश्वरला थंडी आहे, पण पाऊस आपल्या दुपटीहून जास्त.

आता ब्लॅक पाइन. हे झाड जपान-कोरियाच्या किनाऱ्यावरचं, त्यामुळे 'समुद्राकाठचं आहे, आपल्याकडे चालेल' असं विकणारे सांगतात. खारा वारा ते सोसतं हे खरंच. उन्हाळाही काढतं. बोन्सायसाठीचे जपानी पाइन मोठ्या प्रमाणावर शिकोकू बेटावरच्या ताकामात्सुमध्ये तयार होतात, तेही किनाऱ्याचंच शहर. पण तिथे हिवाळा खरा असतो.

या झाडावरचं मुख्य काम म्हणजे कॅन्डल कापणं. वसंतात फुटलेले कोवळे शेंडे जोम धरू देतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुटीच्या बुडाशी कापतात. त्यानंतर येणारी दुसरी फूट थंडी पडण्याआधी जेमतेम वाढते, म्हणून तिच्या सुया आखूड राहतात. म्हणजे आखूड सुया कात्रीने मिळत नाहीत, कात्री आणि येणारी थंडी दोन्ही मिळून त्या देतात. आपल्याकडे ती थंडी येतच नाही. दुसरी फूट वाढत राहते, सुया लांबतात, कुठल्या महिन्यात काय करायचं याचं गणितच बसत नाही. पावसाळ्यात सुयांवर बुरशीचे ठिपके आणि मुळांना कूज, हे वेगळंच. व्हाइट पाइनचं तर नावच काढू नका, ते डोंगरावरचं झाड. देवदारही तसाच, हिमालयात दीड हजार मीटरच्या वरचा.

आणि एक. 'इम्पोर्टेड ब्लॅक पाइन' म्हणून शे-दोनशे रुपयांत रोप मिळत असेल तर शंका घ्या. परदेशातून रोप आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं फायटोसॅनिटरी (रोप रोग-किडीपासून मुक्त असल्याचं) प्रमाणपत्र लागतं. हे सगळं केलेलं रोप त्या भावात विकणं कुणालाही परवडणार नाही. हातात येतं ते बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं.

ज्युनिपरवर मात्र जरा बसून बोलायला हवं, कारण ते तुमच्याकडे आहे आणि वाचवण्याजोगं आहे. आपल्या नर्सऱ्यांत ज्युनिपर म्हणून येतं त्यातलं बरंचसं ज्युनिपेरस चायनेन्सिसच्या कुळातलं असतं. दोरीसारखी, खवल्यांची, हाताला मऊ लागणारी पालवी असेल तर ते. सगळी पालवी टोचरी असेल तर जमिनीलगत पसरणारा प्रकार असण्याची शक्यता जास्त. एकाच झाडावर दोन्ही दिसली तरी घाबरू नका. जोरात छाटणी झाली की चायनेन्सिसही काही काळ टोचरी पालवी काढतं आणि मग पूर्ववत होतं. आपल्या दमट हवेत मला खवल्यांचं जास्त भरवशाचं वाटतं.

आधी कुंडीतलं पाहा. पुण्याकडून, उरुळी कांचन-सोरतापवाडीच्या पट्ट्यातून आलेल्या रोपांना बहुधा लाल मातीचा घट्ट गोळा असतो. नर्सरीवाला त्याभोवती कोकोपीट आणि शेणखत भरून मोठ्या कुंडीत बसवतो. तुम्ही पाणी घालता ते बाजूच्या भुसभुशीत मिश्रणातून खाली निघून जातं आणि भोकातून बाहेर आलं म्हणून तुम्हाला समाधान वाटतं. मधला गोळा मे महिन्यात आतून कोरडा विटेसारखा असतो, आणि जुलैत तोच पाणी धरून चिखल होतो. बांबूची काडी खोडापासून चार बोटांवर खाली घाला. ती जातच नसेल, किंवा गेली आणि बाहेर काढल्यावर आंबूस वास आला, तर तुमचं ज्युनिपर ह्याच फेऱ्यात आहे.

उपाय रिपॉटिंगचा, म्हणजे माती बदलून झाड पुन्हा लावण्याचा, पण आत्ता नाही. पाऊस ओसरतोय, पुढे ऑक्टोबरची तल्खली आहे. या काळात मुळं मोकळी केली तर झाड जातं. डिसेंबर अखेर ते जानेवारी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, हवा जेवढी गार होणार तेवढी झालेली असते, तेव्हा करा. तेही अर्धंच. गोळ्याच्या एका बाजूची लाल माती काडीने सोडवून काढायची, दुसरी बाजू तशीच ठेवायची, आणि राहिलेली बाजू पुढच्या थंडीत. सगळी माती एकदम धुऊन काढलेलं ज्युनिपर जपानमध्ये कदाचित सावरेल, ठाण्यात मी कुणाला तसं करू देत नाही.

मिश्रण म्हणजे तीन ते सहा मिलिमीटरचे विटांचे तुकडे आणि तेवढ्याच आकाराची खडी किंवा प्यूमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड), समसमान. दोन चाळण्या घ्या. मोठीतून पडेल आणि छोटीवर उरेल तेवढंच वापरायचं, बारीक चुरा फेकून द्यायचा. लोक इथेच आळस करतात आणि मग बुरशीनाशकं शोधत फिरतात. मूठभर चाळलेलं गांडूळखत चालेल. कोकोपीट नको, ते पावसाळ्यात सुकतच नाही. अकादामा, म्हणजे बोन्सायसाठीची जपानी दाणेदार माती, मिळते ऑनलाइन, पण तिच्यावाचून काही अडत नाही.

पावसाळ्यातल्या छपराबद्दल. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिमेच्या बाल्कनीत थेट आत येतो, त्यामुळे वरचा स्लॅब पुरत नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा तुकडा कठड्याच्या आतल्या बाजूला तिरका बांधून घ्या. वारा खेळला पाहिजे, सगळीकडून बंद खोका करू नका. सततची झड लागली की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सारून ती कलती ठेवा. कलत्या ट्रेमधून सपाट ट्रेपेक्षा बरंच जास्त पाणी निघून जातं. हे फुकटातलं काम कितीतरी औषधांपेक्षा उपयोगी आहे. आणि बाराव्या मजल्यावर कुठलीही कुंडी कठड्यावर ठेवू नका, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला तुमच्या तारेचा हिशेब नसतो.

उन्हाळ्यात त्रास उलटा. पश्चिमेच्या उन्हात उथळ ट्रेच्या कडा एवढ्या तापतात की बाहेरची मुळं शिजतात. ट्रे दुसऱ्या मोठ्या मातीच्या पसरट कुंडीत ठेवून मधली जागा ओल्या रेतीने भरा, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा. याच काळात लाल कोळी येतो. पालवी राखाडी, धुळकट दिसायला लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळीच. तुमच्याकडे बांधकामाची धूळ भरपूर असणार, आणि धूळ-कोरडी हवा त्याला मानवते. सकाळी पालवीच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा आठवड्यातून दोनदा, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. नाहीच भागलं तर कोळीनाशक आणा. साधं कीटकनाशक मारलंत तर कोळी खाणारे कीटक मरतात आणि कोळी राहतो.

छाटणीत एक गोष्ट पाळा. नखाने शेंडे खुडत बसू नका, त्याने टोकं तपकिरी पडतात आणि झाड दमतं. गुच्छातून लांब बाहेर आलेली फूट मागच्या फाट्यापाशी कात्रीने कापा. फांदीवरची सगळी हिरवळ काढली तर ती फांदी मेली, पुन्हा फुटत नाही. वायरिंग, म्हणजे फांदीला तार गुंडाळून आकार देणं, थंडीत करावं, आणि तार होळीनंतर दर पंधरवड्याला बघावी. आपल्याकडे खोड वर्षभर थोडंथोडं जाड होतं, त्यामुळे पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या खूप आधी तार सालीत रुतते. मेलेल्या फांदीचं जिन करायचं (साल काढून पांढरं लाकूड उघडं ठेवायचं) तर कोरड्या दिवसांत करा आणि चुना-गंधकाचं द्रावण पावसाळ्याआधी पुन्हा लावा.

ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. लोक मग पिवळं पडल्यावर 'परवापर्यंत छान होतं' म्हणतात. ते छान नव्हतं. पालवीचा तजेला गेला, बोटांत ती कडक, कुरकुरीत लागली, तर त्याच दिवशी मुळं बघा. ऑफिसच्या टेबलावर ठेवायला म्हणून वर पांढरे खडे चिकटवलेले छोटे ज्युनिपर भेट देतात, त्यातले कित्येक विकत घेतानाच गेलेले असतात. खडे गोंदाने चिकटवलेले असले की पाणी आत शिरतच नाही. आणि कुठलंही कॉनिफर घरात, ट्यूबलाइटखाली जगत नाही.

पोडोकार्पस मॅक्रोफायलस. हे कॉनिफर आहे यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही, कारण सुयांऐवजी लांबट, जाडसर, गडद हिरवी पानं आणि शंकूऐवजी मांसल देठावर बसलेलं एकेक बी. दक्षिण जपान आणि चीनमधलं झाड. टोक्योशेजारच्या चिबा प्रांताचं ते अधिकृत झाड आहे आणि तिथे वारा अडवायला घरांभोवती त्याची कुंपणं करतात. याच कुळातलं नागेइया वॉलिचियाना आपल्या दक्षिण सह्याद्रीत रानात वाढतं, द्वीपकल्पीय भारतातलं एकमेव देशी कॉनिफर. गरम रात्री आणि भरपूर पाऊस या कुळाला परके नाहीत, मुद्दा एवढाच.

बोन्सायच्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे जुन्या लाकडातून फुटणं. खोड कापा, जाड फांदी कापा, हिरवळ मागे उरली नसली तरी निरोगी झाड बहुधा नवे डोळे काढतं. ज्युनिपरच्या बाबतीत जी चूक निस्तरत नाही, ती इथे निस्तरते. म्हणून शिकणाऱ्याने ह्यापासून सुरुवात करावी असं मी वर्गात हट्टाने सांगते, आणि तरी पहिल्या दिवशी सगळे ज्युनिपरच घेऊन येतात.

त्याचा दोष म्हणजे खोड फार सावकाश जाड होतं. तेव्हा सहा इंची पिशवीतलं बारीक रोप घेऊ नका. नर्सरीत कुंपणासाठी ठेवलेली जुनी, उंच, खाली जाड झालेली रोपं असतात. वरचं सौंदर्य बघू नका, मातीशी वाका आणि खोडाचा बुंधा, मुळांचा पसारा बघा. चार फुटांचं झाड दीड फुटावर आणायचंय असं समजूनच निवडा. मात्र एका पिशवीत तीन बारकी रोपं एकत्र लावून घनदाट दाखवलेलं नाही ना, हे पाहून घ्या.

वर्षातून काही वेळा त्याला पोपटी, मऊ फूट येते. ती ताठ होण्याआधी निम्मी खुडली की मागून दोन-तीन फुटवे येतात आणि पानं हळूहळू आखूड होत जातात. तार कोवळ्या फांदीलाच लावा, जुनी फांदी वाकते पण आकार धरायला फार वेळ घेते. मुळांची सारखी छेडछाड त्याला आवडत नाही. तीन-चार वर्षांनी रिपॉटिंग पुरे, फेब्रुवारीत. मिश्रणात ज्युनिपरपेक्षा थोडं जास्त खत आणि ओल चालते.

नव्या फुटीवर निळसर राखाडी, पीठ लावल्यासारखा मावा येतो, तो पोडोकार्पसचा खास पाहुणा. साबणाच्या पाण्याने किंवा कडुलिंबाच्या तेलाने जातो. न घालवल्यास पानांवर काळी काजळी धरते. पानं शिरांमध्ये पिवळी पडू लागली तर पाण्याकडे बघा. घोडबंदर पट्ट्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांकडे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं आणि हीच तक्रार तिथून सगळ्यात जास्त येते. चिलेटेड आयर्नचा (झाडाला सहज घेता येईल अशा लोहाचा) फवारा आणि पावसाचं साठवलेलं पाणी यावर फरक पडतो.

ख्रिसमस ट्रीचं लवकर आटपते. हे अरौकेरिया. नॉरफोक बेटावरचं म्हणून विकतात, पण आपल्याकडची बरीच झाडं न्यू कॅलेडोनियातली कुक पाइन असतात. फांद्या मजल्यामजल्याने गोल येतात, दोन मजल्यांमध्ये लांब मोकळं खोड. आडवी फांदी कायम आडवीच वाढते, ती कापून लावली तरी उभं झाड होत नाही. त्यामुळे मधली पोकळी भरायची सोयच नाही. मोठ्या कुंडीत डौलदार झाड म्हणून वाढवा. (कुक पाइन विषुववृत्ताकडे झुकून वाढतात असं 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. सोसायटीच्या आवारातलं उंच झाड दक्षिणेकडे कललेलं दिसलं तर सेक्रेटरीला दोष देऊ नका.) डिसेंबरात मिळणारं लिंबासारख्या वासाचं पिवळं गोल्डन सायप्रस तर नाताळपुरतंच समजा.

मोरपंखी चिवट आहे, मरत नाही. पण तिची पालवी उभ्या पंख्यांसारखी, तिचे आडवे थर नीट बसत नाहीत, आतली पालवी तपकिरी होऊन झडते आणि उघड्या झालेल्या लाकडातून पुन्हा काही येत नाही. वायरिंगचा सराव, मेलेल्या लाकडाचं काम यासाठी तिच्यावर हात साफ करा. स्वस्त आहे, जीव तुटत नाही.

पाइनचाच भास हवा असेल तर सुरू घ्या. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते कॉनिफर नाही, फुलझाडांतलं आहे. जी सुई दिसते ती खरं तर हिरवी बारीक काडी, पानं म्हणजे तिच्या सांध्यांवरचे खवले. पण अलिबाग-काशीदच्या किनाऱ्यावर सुरूची बनं खाऱ्या वाऱ्यात उभी आहेत, तेव्हा तुमच्या बाराव्या मजल्याचा वारा त्याला नवा नाही. तैवान-इंडोनेशियात सुरूचे अप्रतिम बोन्साय आहेत, आणि म्हाताऱ्या पाइनचा बाज त्यात दहा पावलांवरून तरी हुबेहूब येतो. ऊन भरपूर, पाणी भरपूर. मे महिन्यात ट्रेखाली पाण्याची पसरट थाळी ठेवली तरी तक्रार नाही. मात्र वाढीच्या दिवसांत शेंडे सतत खुडावे लागतात, आठवडाभर गावाला गेलात की झाडाचा झाडू झालेला असतो. फांदी पूर्ण बोडकी करू नका, ती वाळते.

टॅक्सोडियम, म्हणजे बाल्ड सायप्रस, कुठे दिसलं तर विचार न करता उचला. अमेरिकेच्या दलदलीतलं कॉनिफर, पाण्यात पाय बुडवून उभं राहणारं, त्यामुळे आपल्या पावसाला भीत नाही. अडचण इतकीच की इथल्या नर्सऱ्यांत ते सहसा मिळत नाही.

तुमच्या ज्युनिपरसाठी आत्ता करायचं ते इतकंच: काडीने गोळ्यात सात-आठ भोकं पाडून त्यात विटांचे चाळलेले तुकडे भरा, म्हणजे पाणी मध्यापर्यंत पोचेल. ऑक्टोबर संपेपर्यंत दुपारची शेडनेट ठेवा. दिवाळीनंतर मोहरीच्या पेंडेचे छोटे गोळे मातीवर कडेकडेने ठेवा, खोडाला चिकटवून नको. कात्री आणि तार डिसेंबरपर्यंत कपाटात. रिपॉटिंगच्या आधी गोळ्याचा आणि बुंध्याचा जवळून फोटो काढून पाठवलात, तर कुठल्या बाजूची माती आधी सोडवायची ते सांगता येईल.